पाच वेळा तोच अंगठा

प्रेमिलानं काउंटरच्या काचेवर फोन ठेवला आणि त्याच्या शेजारी आपला उजवा अंगठा ठेवला. अंगठा कसला, पट्टीचं पांढरं बोचकं होतं ते, टोकाला तपकिरी पडलेलं. "भाऊ, हा उघडून द्या," ती म्हणाली. "तुमीच बसवलं होतं नं बोट." तीन दिवसांपूर्वी, मंगळवारी, हाच अंगठा याच काचेवर होता, धड होता. पट्टी पाहिल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगूनच टाकतो, लपवून काय उपयोग. मनात आलं, आता फोनमधल्या या बोटाच्या पाचही नोंदी वाया गेल्या. समोर एका बाईचा अंगठा ठेचलाय आणि मला माझ्या कामाची पडलीय. मग मला माझाच राग आला, आणि राग आला की माझं जे होतं तेच झालं. हातातला स्क्रूड्रायव्हर मी लाकडी फळीत असा खुपसला की तो तिथेच उभा राहिला. ती दचकली नाही. पापणीसुद्धा हलली नाही. स्क्रूड्रायव्हर कुठे उभा आहे आणि माझा हात कुठे आहे, एवढंच तिनं पाहून घेतलं.

"कशानं झालं ताई?" मी विचारलं. "दवाखान्यात सांगतलं का पाय घसरला, पाटा पडला," ती म्हणाली. "पाटा नाई. वरवंटा होता. त्यानं हात उंबरठ्यावर धरला अन्..." पुढचं तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोनमध्ये चार टक्के चार्जिंग उरलं होतं. आधी वायर लावली. बंद पडला असता तर चालू होताना उघडायचा नंबर मागितला असता, आणि नंबर रोशननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मंगळवारीच बदलला होता. फोन त्यानं कपाटावरच्या डब्यात टाकून ठेवला होता. तो पहिल्या पाळीला गेल्यावर तिनं स्टुलावर चढून काढला. पाळी दोनला सुटते. दीडची बस होती कोरपन्याला. तिथे समुपदेशनाला सुगंधाबाई म्हणून कोणी बसत, त्यांनी हिला सांगून ठेवलं होतं की मारलं की फोटो काढून ठेवत जा, फोटोला तारीख असते, नुसत्या सांगण्याला नसते. चौदा फोटो होते. रोशननं सगळे डिलीट केले. "पण बहीण म्हणते, डिलीट केलेले महिनाभर आतच राह्यतात. राह्यतात का भाऊ?" मी म्हटलं, राहतात. तिनं मान हलवली आणि पट्टीचं टोक दातांत धरून गाठ सोडायला लागली. घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

मी काय काम करतो ते सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच आलंय. काचेखालून बोट ओळखणारे फोन आले तेव्हापासून गडचांदुरात माझं नाव झालं. काचेच्या आत एक डोळ्याएवढा कॅमेरा असतो. बोट ठेवलं की स्क्रीन तेवढ्यापुरती उजळते, तो बोटावरच्या रेघांचा फोटो घेतो आणि आधीच्या फोटोशी ताडून पाहतो. शहरातल्या मऊ बोटांना ठीक आहे. इथे सिमेंटची पोती भरणाऱ्यांची बोटं सिमेंटनं खाल्लेली, कापूस वेचणाऱ्या बायांची बोंडांच्या टोकांनी चिरलेली. दहादा लावलं तर चारदा लागतं. लोक चिडतात, काचेवर अंगठा आपटतात, शिव्या देतात. दुकान टाकण्याआधी मी तीन वर्षं हैदराबादकडच्या एका कारखान्यात होतो. तिथे एका यंत्राला मांसाच्या रंगाचा रबरी अंगठा लावलेला असे, तो दिवसभर खाली येऊन स्क्रीनवर दाबला जाई, उठे, पुन्हा दाबला जाई. माझं काम एवढंच की किती वेळा ओळखलं ते पाहायचं. चांगल्या सेन्सरनं आपल्या बोटाला प्रत्येक वेळी हो म्हणायचं, आमचे साहेब सांगत. एकदा हो, एकदा नाही, असला सेन्सर भंगार. तिथून आलो ते एक युक्ती घेऊन आलो. फोनमध्ये पाच बोटांची जागा असते. लोक पाच वेगळी बोटं टाकतात. मी पाचही जागी तोच अंगठा टाकतो, एकदा कोरडा, एकदा धुतलेला, एकदा तेलाचा आणि उरलेल्या दोन जागी ते माणूस खरोखर जसा लावतं तसा. ते खरोखर कसं लावतं हे ओळखण्यातच सगळी कारागिरी आहे. लोक म्हणत, सुरेंद्रभाऊनं बसवलं की मेलेल्याचंही बोट लागते. मी हसायचो. मला ते आवडायचं.

मंगळवारी रोशन तिला घेऊन आला, म्हणजे मनगटाला धरून आला. "भाऊ, हिचं बोट लागूनच नाई राह्यलं," तो म्हणाला. मोठा गोड बोलतो. "मी म्हणतो, मोबाईल घेऊन देल्ला, अन् घरच्या माणसाले पाहाले भेटत नाई." मी म्हटलं, लावून दाखवा. त्यानं तिचा हात ओढला, मनगट पिळून अंगठा काचेवर दाबला, वरून आपला पंजा. तिचा अंगठा आडवा पडला, आतल्या कडेवर, नखाच्या बाजूनं पांढरा. फोन नाही म्हणाला. पुन्हा दाबला, पुन्हा नाही. मग ती स्वतः लावायला गेली तर लगेच लागला, आणि रोशनच्या जबड्यात काहीतरी हललं. मी ते पाहिलं. मी ते पाहिलं हे मला आज कोणी कोर्टात विचारलं तरी सांगेन. घाबरलेलं, ओढलेलं, घामेजलेलं बोट फोनला ओळखू येत नव्हतं. त्या फोननं दोन महिने तिला वाचवलं होतं, बिघडलेला होता म्हणूनच वाचवलं होतं. आणि मी काय केलं? दोन उरलेल्या जागी मी रोशनला तिचा हात धरू दिला. "असाच धर," म्हणालो, "अजून थोडा तिरपा, हां, उचल, पुन्हा दाब." फोन थरथरत गेला, वर्तुळ भरत गेलं. ती भिंतीवरच्या कव्हरांकडे पाहत होती. काम झाल्यावर मी दहा वेळा लावून दाखवायला सांगितलं. दहाच्या दहा वेळा उघडला.

मी बोललो का नाही? दिवसभर लोकांवर ओरडणारा माणूस मी. एकदा वायर ओढली म्हणून एकाच्या कानफटात दिलेली आहे. पण त्या दिवशी माझी वाचा बसली, आणि का बसली ते मला तेव्हाच माहीत होतं. ती पकड माझ्या ओळखीची होती. आम्ही सिरोंच्याचे, ढिवर. बाप गोदावरीत जाळं टाकायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यानं नावेत माझ्या हातात जिवंत मरळ दिली. ती सुळकन निसटली, पाण्यात गेली, आणि बापानं वल्ह्याच्या दांड्यानं माझ्या पाठीत असं हाणलं की मी नावेच्या तळाशी पडून माशांबरोबर तोंडाची उघडझाप करत राहिलो. दुसरी मरळ दिली. "गट्टिगा पट्टु," तो तेलुगूत म्हणाला. घट्ट धर. अंगठा कल्ल्यात घाल, बोटं पोटाखाली, आणि पीळ दे, म्हणजे ती आपसूक शांत होते. शांत झाली. मग त्यानं ती माझ्या हातातच असताना तिच्या डोक्यावर दांडा घातला, तो धक्का माझ्या कोपरापर्यंत आला. त्यानंतर माझ्या हातून कधी काही निसटलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी डिंपल मोबाईलवर हसत होती. डिंपल म्हणजे माझी बायको. मी आत आलो तशी हसायची थांबली, एवढंच झालं. कोण आहे, म्हटलं. कोणी नाही, म्हणाली. दाखव, म्हटलं. काऊन, म्हणाली. ती भांडी घासत होती, हात राखेनं आणि साबणानं निसरडे, आणि मी तिचं मनगट तसंच धरलं. अंगठा आत, बोटं खाली, पीळ. तिच्या हातातून बारीक काहीतरी वाजल्यासारखं मला वाटलं. बोट लागेना, ओलं होतं. मी ते माझ्या शर्टाला पुसलं आणि पुन्हा दाबलं. आत तिच्या मावसबहिणीचं पोर होतं, तोंडाला पिठलं फासलेलं, त्याचा व्हिडिओ. मी तिथेच उभ्या उभ्या तिच्या फोनमध्ये माझं बोट टाकलं, आणि तिचंही होतं ते काढून पुन्हा टाकलं, पक्कं लागेल असं, हात धरूनच. ती रडली नाही. सांडलेलं पाणी पुसून घेतलं. तिच्या मनगटावर आठवडाभर चार निळे डाग होते आणि ती बांगड्या वर सरकवून ते झाकत होती. त्यानंतर मी तिला फोन मागितलेला नाही. एकदाही नाही. मी मनात धरलं होतं की ते मिटलं, ती विसरली, माणसाच्या हातून एकदा होतं. रोशन आला त्या दिवशी मला त्याच्या हातात माझा हात दिसला. मग मी त्याला काय तोंडानं हटकणार होतो?

पट्टी सुटली. अंगठ्याचं पोट फुटलेलं होतं, मधोमध, टाके काळे, नख निळंशार वर उचललेलं. रेघा नव्हत्याच तिथे, मांस होतं. फक्त आतली कड, रोशनच्या पंज्याखाली आडवी पडली होती ती, तेवढी जपून राहिलेली. मी तिला सांगितलं की फोन चार चुका माफ करतो. पाचवी झाली की बोट घेणंच बंद करतो आणि नंबर मागतो, मग कायमचं गेलं. तिनं समजून घेतलं. मी स्पिरिटनं काच पुसली, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला. तिनं ओठ आत घेतले आणि अंगठा ठेवला. नाही. दुसऱ्यांदा मी म्हटलं, कडेवर घ्या, आतल्या. तिनं वळवायचा प्रयत्न केला पण मनगट ऐन वेळी मागं यायचं, दुखण्याला कोण काय सांगणार. नाही. काचेवर रक्ताचा एक गोल ठिपका उमटला, तो मी पुसला. तिसऱ्यांदा डाव्या हातानं उजवा दाबून पाहिला. नाही. तेवढ्यात चुनखडीच्या खाणीवरचा सुरुंगाचा भोंगा वाजला, रोज वाजतो, आणि मग जमीन खालून हाणल्यासारखी हलली. शटर वाजलं, भिंतीवरची कव्हरं डोलली, चौथा प्रयत्न त्या हादऱ्यातच गेला. एक उरला होता. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

मला त्या क्षणी मारावंसं वाटत होतं. कोणाला ते नक्की नव्हतं. रोशनला, कारखान्यातल्या त्या साहेबाला, बापाला, खाणीला. हाताला कोणीतरी हवं होतं. आणि ती म्हणाली, "भाऊ, तुमी धरा." मी म्हटलं, काय? "त्यानं धरला होता तसा धरा. तुमीच तं सांगत होते, असा धर, अजून तिरपा. त्याले मोबाईल ओळखते." तिनं हात पुढे केला, मनगट वर करून, नाडी उडताना दिसत होती. मी म्हटलं, मला जमणार नाही. "जमते तुमाले," ती म्हणाली. तिला माझ्या घरातलं काही माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणच नव्हतं. तरी ती असं म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं, मंगळवारी वळवलं होतं तसंच. मग मी धरला. अंगठा आत, बोटं खाली. पीळ दिला. तिच्या हाताची हाडं माझ्या मुठीत एकावर एक चढली, ती ओरडली नाही, तिनं काउंटरच्या कडेला कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. माझा हात जराही थरथरला नाही. ते मला सर्वांत भयंकर वाटलं. अंगठा कडेवर आडवा पडला, मी वरून पंजा दाबला. फोन उघडला.

पुढचं भराभर झालं. डिलीट केलेल्यांच्या जागी फोटो होते. चौदा मोजून परत आणले. मी पाहणार नव्हतो, पण आणताना दिसतातच. पाठ. दंड. कानामागं रक्त. एका फोटोत आरसा होता आणि आरशात ती डोळे मोठे करून स्वतःचाच गळा दाखवत होती, गळ्यावर बोटांचे ठसे, एकेक बोट वेगळं मोजता येईल असे. सगळे सुगंधाबाईंच्या नंबरवर पाठवले. निळी खूण आली. लगेच एक ओळ आली, मी आहे, ये. प्रेमिलानं ती वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आता बंद करून टाका हा." चार्जिंगवर राहू द्या, मी म्हटलं, बसमध्ये लागेल. "नाई. बंद करा. आता यात कोणाचंच बोट नाई लागलं पाह्यजे. मह्यं बी नाई." मी बंद केला. पट्टी बांधून द्यायला गेलो तर तिनं हात मागं घेतला, हळूच, मला वाईट वाटू नये असा, आणि दातांनी स्वतःच गाठ मारली. "मोबाईल इथीच राहू द्या. मले नोको," म्हणाली. पैसे किती, तेही विचारून पाहिलं. मी नाही म्हटलं. ती स्टँडकडे गेली, मागं वळून पाहिलं नाही. दीडची बस मी दुकानातून जाताना पाहिली, खिडकीत पांढरी पट्टी होती का ते दिसलं नाही.

सव्वादोनला रोशन आला. पापण्यांवर सिमेंट, हसताना दात तेवढे ओले. "भाऊ, थे आली होती का इथी?" फोन काउंटरवरच होता. त्यानं तो उचलला, उलटसुलट केला. "बंद काऊन आहे?" मी म्हटलं, नंबर तुझ्याकडेच आहे, चालू कर. त्याला तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, माझी मर्जी राखावी असं वाटलं असेल, तो फळीवर रेलून म्हणाला, "काही म्हणा भाऊ, तुमचं काम पक्कं. त्या दिवशी घरी गेलो अन् पह्यल्याच झटक्यात उघडला. मी तं प्लांटमधी सगळ्यायले सांगतलं, बोट बसवाचं तं सुरेंद्रभाऊकडूनच." त्याचा उजवा अंगठा फोनच्या काचेवर होता. मी तो धरला आणि मागं मोडला. हिरवी काडी मोडावी तसा आवाज आला. तो गुडघ्यावर आला, फोन फरशीवर पडला, काच गेली. मी अंगठा सोडला नाही, अजून पीळ दिला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. अंगभर बरं वाटलं. टपरीवरची दोन-तीन माणसं धावत आली. काय झालं, काय झालं. मी म्हटलं, शटरमध्ये सापडला. सगळे रोशनकडे पाहायला लागले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "हो, शटरमधी." बायको कुठे गेली ते त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं.

मी शटर ओढलं आणि घरी निघालो. दुपारी दुकान बंद करायची माझी रीत नाही, पण त्या दिवशी मला घरी जायचं होतं. रस्त्यानं ट्रक धूळ उडवत जात होते आणि मी ताठ चालत होतो. एका बाईला वाचवलं, एका हरामखोराचा अंगठा मोडला, आणि आता तिसरं काम उरलंय ते करू, असं मनात होतं. डिंपलचा फोन घ्यायचा, तिच्यासमोर माझं बोट त्यातून काढून टाकायचं. तिचंही जुनं काढायचं. म्हणायचं, तुझं तू टाक, तुला हवं ते टाक, मला सांगू नको. माफी कशी मागायची ते मला येत नाही, बापानं शिकवलं नाही, पण हे मला येत होतं. हे माझं काम होतं. वाक्यं मी चालता चालता दोनदा म्हणूनही पाहिली.

ती ओट्यापाशी खाली बसून सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. परातीत हिरवा ढीग, देठ बाजूला. अवेळी आलो म्हणून तिनं मान वर केली आणि माझा चेहरा पाहिला. त्यावर अजून रोशनचं उरलेलं काहीतरी असेल. मी हात पुढे केला. "डिंपल, तुझा मोबाईल दे," म्हणालो, आणि पुढचं वाक्य जिभेवर येतंय तोच तिनं हातातली जुडी खाली ठेवली. अंगठा पदराला पुसला. दोनदा पुसला, कोरडा झाला की नाही ते बघून. मग फोन मांडीवर घेतला आणि स्वतःच्याच हातानं मनगट पिळलं, तसंच, आतल्या कडेवर, अंगठा आडवा पाडून, कारण त्या फोनला तिचा अंगठा तसाच माहीत होता. दिवाळीपासून ती रोज असाच उघडत असणार. पहिल्याच झटक्यात उघडला. तिनं तो माझ्यापुढे धरला, माझ्याकडे न पाहता.

"पाहून घ्या," ती म्हणाली, आणि पुन्हा सांभार निवडायला लागली.